बेअरिंग ऐकणारा कान

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या घरची लाइट गेली आणि मला शिट्टी ऐकू आली.

छत्तीसगढातल्या आमच्या गुढियारीत लाइट जाणं काही नवं नाही. पंखा घरघरत थांबला, कूलरचा पंप थांबला, फ्रीज एकदा थरथरून गप्प झाला. आजूबाजूच्या घरांतले कूलरही एकदम बंद पडले. मालधक्क्याकडे जाणारे ट्रक त्या उन्हात कुठंतरी सावलीला उभे असावेत, कारण रस्त्यावरही काही नव्हतं. जेवून मी दिवाणावर आडवा झालो होतो. त्या शांततेत एक बारीक, न तुटणारा आवाज यायला लागला. ईऽऽऽ. श्वास न घेता कुणीतरी शिट्टी वाजवत बसल्यासारखा.

"कशाचा आवाज आहे हा?" मी बायकोला विचारलं.

ती दारात बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होती. "कोणता?"

"शिट्टी वाजून राहिली ना."

तिनं जरा वेळ कान दिला. "मले तर काहीच नाही ऐकू येऊन राहिलं."

मला तिचा राग आला. आवाज ओळखणं हा माझा पेशा होता. मी तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो आणि सिलतऱ्याच्या एका रोलिंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं मेंटेनन्स बघत होतो. तिथं तापून लाल झालेल्या लोखंडी कांड्या एकामागून एक रोलरमधून दाबल्या जातात आणि दुसऱ्या टोकाला सळया होऊन बाहेर पडतात. रोलर फिरवायला मोठमोठे गिअरबॉक्स, आणि प्रत्येक गिअरबॉक्सच्या पोटात बेअरिंगं. बेअरिंग बिघडायला लागलं की आधी बारीक कुरकुरतं, मग किंचाळतं, मग फुटतं. ते कुरकुरतं तेव्हाच पकडायचं, हे माझं काम. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचावर, टेकवायचं, मूठ कानाशी लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. त्या सगळ्या गदारोळात मला एका बेअरिंगचं दुखणं वेगळं ऐकू यायचं. मिलमधले लोक म्हणायचे, भैयाचा कान म्हणजे मशीन आहे. कंपनी आम्हाला कानात घालायला पिवळे स्पंजचे बोळे द्यायची. ते माझ्या खिशात पडून राहायचे. ज्या कानाची भाकरी खातो तोच बुजवायचा, हे मला पटायचं नाही.

तर मी उठलो. आधी शेजाऱ्यांचं दार वाजवलं. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, तो वाजत असणार. शेजारी भले गृहस्थ. त्यांनी "आवाज तो नहीं आ रही" असं म्हणत म्हणत तोही बंद केला. शिट्टी चालूच. मग मी घरी येऊन पिशवीतून तो पेचकस काढला. मीटरच्या पेटीवर टेकवला, कानाला लावला. ईऽऽऽ. भिंतीला लावला, तोच आवाज. पाण्याच्या पाइपला, फ्रीजच्या पाठीला, खिडकीच्या गजाला, दिवाणाच्या पायाला लावला. ज्याला लावीन त्यातून तोच आवाज, तितकाच मोठा. बायको वर्तमानपत्र मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

"काय करून राहिले तुम्ही?"

 मला काहीतरी सुचलं होतं आणि ते करून बघायची भीती वाटत होती. मी पेचकस खाली ठेवला. दोन्ही हातांची बोटं दोन्ही कानांत घातली, गच्च.

शिट्टी वाढली.

 बाहेरचा आवाज कान बुजवल्यावर कमी व्हायला हवा. हा वाढला. म्हणजे इतका वेळ मी घरभर जे शोधत होतो ते माझ्याच डोक्यात होतं. मी बोटं काढली, घातली, पुन्हा काढली. चारपाच वेळा. मग स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसलो. हातपाय गार पडले होते, मे महिन्यात.

"अहो, काय झालं? छातीत दुखून राहिलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "माझा कान वाजून राहिला."

लाइट आली, पंखे फिरले, आणि शिट्टी त्यांच्या आवाजाखाली दडली. पण आता ती आहे हे मला कळलं होतं. जिथं जरा शांत होई तिथं ती असे. ती नवी नव्हती, हेही हळूहळू लक्षात आलं. गेली तीनेक वर्षं मी तिला काही ना काही समजत आलो होतो. कधी ट्रान्सफॉर्मर, कधी मोबाइलचा चार्जर, तर कधी लांबवरचा मालगाडीचा ब्रेक.

आमची मुलगी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होती. ती भिलाईला एका शाळेत शिकवते. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. लहानपणापासून असंच आहे. गेली दोन वर्षं तर आमच्यात हिंदीही फारशी उरली नव्हती. जेवलात का, चहा घ्याल का, एवढंच. त्याचं कारण मला माहीत होतं, निदान तेव्हा तसं वाटत होतं. ते पुढे येईल. पण आईनं सांगितल्यावर तिनंच फोन करून कानाच्या दवाखान्यात नंबर लावला आणि बुधवारी सकाळी मला स्कूटीवर बसवून घेऊन गेली.

डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. पडदा ठीक आहे, मळ नाही, म्हणाले. आधी ऐकण्याची तपासणी करू. बाजूच्या खोलीत एक तरुण मॅडम होत्या, ऐकण्याच्या तपासणीच्या तज्ज्ञ. मी त्यांना आधीच सांगून टाकलं, "मॅडम, मेरे कान एकदम ठीक हैं. बस ये सीटी बंद कर दीजिए. सीटी की वजह से कभी कभी बात समझ में नहीं आती, बाकी कुछ नहीं."

त्या हसल्या. मला एका छोट्या, जाड भिंतींच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. मुलीलाही त्यांनी आतच कोपऱ्यात स्टुलावर बसू दिलं. मॅडम काचेपलीकडे.

सुरुवातीला जाड आवाज आले. भों, भों. मी पटापट बटण दाबलं. हे तर सोपं होतं. मग आवाज चढत गेले, बारीक झाले, आणि थांबले. मी वाट बघत बसलो. शिट्टी तेवढी माझ्या डोक्यात वाजत होती. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. मला वाटलं, त्या विसरल्या. मग वाटलं, मशीन अडकलं. बराच वेळ गेल्यावर एक अगदी पुसट चिवचिव आल्यासारखी वाटली, मी दाबलं. पुन्हा तीच लांब शांतता. मी मुलीकडे बघून खांदे उडवले, म्हणजे बघ, बसवून ठेवलंय. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होती.

मॅडम दार उघडून आत आल्या.

"मशीन बंद पडलं काय?" मी विचारलं. गडबडीत मराठीतच.

त्यांना ते कळलं असावं.  माझ्या कानांवरचे हेडफोन काढून त्यांनी मुलीला लावले, तुमच्यासाठी जो शेवटचा लावला होता तोच लावते, असं मला म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मुलगी दचकली. डोळे बारीक करून तिनं एक कान हेडफोनपासून सोडवला.

"पापा, ये तो बहुत तेज़ है," ती म्हणाली. "ये तो मुझे वहाँ स्टूल पे भी सुनाई दे रहा था."

ती तीन हातांवर बसली होती. हेडफोन माझ्या कानांवर होते. आणि तो आवाज तिला, तिथं बसून, ऐकू येत होता.

माझ्या हातात अजून ते बटण होतं. मी ते दाबून ठेवलं होतं, हे मॅडमनी माझी बोटं सोडवली तेव्हा कळलं.

मग त्यांनी आम्हाला टेबलाशी बसवून कागद दाखवला. त्यावर दोन रेघा होत्या, एक उजव्या कानाची, एक डाव्या. कागदाच्या डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक; रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. दोन्ही रेघा सुरुवातीला वर सपाट चालत होत्या आणि मग एकदम दरीत कोसळल्यासारख्या खाली जात होत्या, शेवटी जराशा वर यायच्या. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची रेघ अशीच खाली जाते, त्या म्हणाल्या. खूप हळूहळू. इतकी हळू, की ज्याचा कान जातो त्यालाच शेवटपर्यंत कळत नाही.

"पण ही शिट्टी," मी म्हटलं, "ती गेली की ऐकू येईल ना?"

तेव्हा त्यांनी मला अजून एक तपासणी करून दाखवली. कमी होत गेलेल्या ऐकण्याचा धक्का एकीकडे. पण आजही मला आधी आठवते ती ही दुसरी तपासणी. त्यांनी मला पुन्हा हेडफोन लावले आणि आवाज खूप मोठे करून एकेक स्वर ऐकवला. तुमची शिट्टी यापैकी कोणत्या स्वराशी जुळते, सांगा. हा? नाही, अजून बारीक. हा? नाही. हा? एका स्वरावर मी हात वर केला. हाच. अगदी हाच. माझ्या डोक्यातला आवाज कुणीतरी बाहेर काढून मला ऐकवत होतं.

त्यांनी कागदावर त्या स्वराच्या जागी पेननं एक फुली मारली. फुली दरीच्या तळाशी पडली.

"उलटं आहे," असं त्या हिंदीतून समजावत होत्या. "शिट्टीमुळे तुम्हाला ऐकू येत नाही असं नाही. ऐकू येत नाही म्हणून शिट्टी वाजते." कानाच्या आतल्या ज्या पेशी बारीक आवाज मेंदूला पाठवतात त्या झिजल्या. तिकडून काही येईना. मेंदू वाट बघतो, काही येत नाही, म्हणून तो आपलाच आवाज वाढवतो, जसं दूरचं स्टेशन लागत नाही म्हणून आपण रेडिओचा कान पिळत जातो आणि खरखरच मोठी होते. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. काहींचं ऐकणं चांगलं असूनही कान वाजतो, काही ठार बहिऱ्यांचा वाजत नाही. पण तुमचं चित्र स्पष्ट आहे. जे तुम्हाला बाहेरून ऐकू येत नाही, तेच आत वाजतंय.

मी त्या फुलीकडे बघत राहिलो. बेअरिंग पहिल्यांदा कुरकुरतं ते साधारण याच स्वरात.

मॅडम पुढे बोलत होत्या. तुम्हाला माणसाचं बोलणं ऐकू येतं, पण त्यातली बारीक अक्षरं गळतात. पंखा चालू असेल, माणूस हळू बोलत असेल, पाठीमागून बोलत असेल, तर शब्दच्या शब्द गळतात. मधली जागा मेंदू अंदाजानं भरतो. तुम्हाला वाटतं आपण ऐकलं. खरं तर तुम्ही अंदाज केलेला असतो, आणि तो चुकला हे तुम्हाला कळतही नाही.

मुलगी इतका वेळ प्रश्न विचारत होती. हे ऐकल्यावर ती मॅडमना सोडून माझ्याकडे बघायला लागली.

बाहेर आलो. स्कूटी लावली होती तिथं झाडाखाली उसाच्या रसाचा ठेला होता. तिनं दोन ग्लास सांगितले. ठेलेवाल्यानं चरक थांबवला तेव्हा ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पापा, उस दिन आपने क्या सुना था?"

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं राज्यसेवेची परीक्षा दिली होती. पूर्वपरीक्षा निघाली, म्हणजे ती पास झाली; मेन्ससाठी, मुख्य परीक्षेसाठी, तिनं वर्षभर दार लावून अभ्यास केला. निकालाच्या दिवशी मी कूलरसमोर बसून टीव्हीवर मॅच बघत होतो. ती मागं दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पापा, मेन्स निकला." मी वळून हसलो. म्हटलं, "शाबास! मले मालूमच होतं. जा, पेढे आण." ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली. संध्याकाळी बायको म्हणाली, पोट्टीचं मेन्स नाही निघालं, रडून राहिली. मी चक्रावलो. मला तर ती निघालं म्हणाली होती. तिनं बापाला तोंडावर खोटं सांगितलं, माझी इतकी भीती वाटते की हरल्याचा इतका कमीपणा, हे मला फार लागलं. मी तिला काहीच विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. महिन्याभरात तिनं भिलाईची नोकरी धरली.

"तू म्हणाली, मेन्स निकला," मी म्हटलं.



"मैंने कहा था, मेन्स नहीं निकला." ती हे इतक्या मोठ्यानं बोलली की ठेलेवाल्यानं वळून पाहिलं. "सबसे पहले आपको बताया था. मम्मी को भी बाद में. और आप हँसे. आपने कहा, शाबास, मुझे मालूम ही था. पेढे ला."

हातातला ग्लास मी ठेल्याच्या पत्र्यावर ठेवला. एक शब्द. दोन अक्षरांचा. तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत मी हसलो होतो. वर्षभर अभ्यास करून हरलेल्या माझ्या मुलीला तिच्या बापानं हसून म्हटलं होतं, मला माहीतच होतं.

"तू दोन वर्षं... तुले वाटलं मी..."

"मुझे लगा आप ताना मार रहे हो," ती म्हणाली. "मुझे लगा आपको सच में मालूम था कि मुझसे नहीं होगा."

 तिची माफी मागायची तर कशाची मागायची? मी केलं तर होतंच, पण मी केलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "मले ऐकू नाही आलं गं." तिनं मान हलवली. मग ती रडायला लागली, भर रस्त्यात. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बऱ्याच वर्षांनी. रस तसाच राहिला. घरी परतताना ती स्कूटी चालवताना काहीतरी बोलत होती आणि मला मागं बसून एक अक्षरही कळत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मी ते कबूल केलं. "थांबून सांग," मी तिच्या खांद्यावर थोपटून म्हटलं. तिनं खरंच गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून सांगितलं. काही विशेष नव्हतं. आईसाठी औषध घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. मिलमध्ये माझ्याबरोबर वीस वर्षं काम करणारा एक फिटर आहे, माझ्याच वयाचा, सिलतऱ्याजवळच्याच एका गावचा. आमचं बोलणं हिंदीत, त्याचं छत्तीसगढीत घोळलेल्या हिंदीत. मिलमध्ये तर सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे तिथं मला कधी काही कमी जाणवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागं, जिथं जरा आवाज कमी असतो, तिथं मी त्याला कागद दाखवला. मला वाटलं तो चकित होईल, म्हणेल, भैया, तुमचा कान? शक्यच नाही.

त्यानं कागदाकडे नीट पाहिलंही नाही. "हव," तो म्हणाला. "मालूम है."

"क्या मालूम है?"

तो डब्यातल्या भाताशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तीन साल हो गए, भैया."

तीन वर्षांपूर्वी दोन नंबरच्या गिअरबॉक्सला मी पेचकस लावून डोळे मिटले होते आणि म्हटलं होतं, एकदम मस्त चाललंय. यानं नंतर सहज हात ठेवला तर बेअरिंगचं घर तापलेलं आणि तळव्याला बारीक कंप. शटडाउनला, म्हणजे मिल बंद ठेवून दुरुस्ती करायच्या दिवशी, मी रजेवर होतो. त्यांनी झाकण उघडलं. आतल्या बेअरिंगचा, गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तुटून त्याचे तुकडे झाले होते. अजून थोडे दिवस चाललं असतं तर चालू मिलमध्ये ते फुटलं असतं, आणि लाल सळई रोलर सोडून कुठंही गेली असती. रोलरपाशी माणसं उभी असतात. त्यांनी बेअरिंग बदललं, झाकण लावलं आणि मला काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी एखादं मशीन ऐकून पुढे गेलो की मागून हा जायचा, हात ठेवायचा, स्टोअरमधून मागून घेतलेला कंप मोजायचा मीटर लावायचा. सगळ्या शिफ्टला माहीत होतं. मला सोडून.

"तुम लोगों ने मुझे बताया क्यों नहीं?"

"आपको बुरा लगता." एवढंच तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "सब आपके कान की बात करते हैं. हम कैसे बोलें?"

मला संतापायला हवं होतं, पण तेवढं त्राणच नव्हतं. तीन वर्षं मी सकाळी सकाळी तो पेचकस घेऊन, डोळे मिटून, एकेका मशीनपाशी उभा राहायचो आणि लोक अदबीनं बाजूला व्हायचे. मी काय ऐकत होतो? आज कळतं. माझीच शिट्टी. आणि ती सगळीकडे सारखीच असल्यामुळे कुठलंच मशीन मला वेगळं, बिघडलेलं वाटत नव्हतं.

त्या दुपारी मी प्लँटच्या मोठ्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यावर काही आलं नाही. मला नियोजनाच्या आणि सुट्या भागांच्या कामावर घेतलं, शेडपासून दूर, काचेच्या खिडकीच्या खोलीत. मशीनं ऐकायचं बंद झालं. आता दर आठवड्याला मीटरनं मोजणी होते आणि त्याचे कागद माझ्या टेबलावर येतात. पहिले काही दिवस ते बघताना मला चोरासारखं वाटायचं.

कानाची यंत्रं मिळायला तीन आठवडे लागले. मॅडमनी ती दोन्ही कानांमागं बसवली आणि चालू केली. मी बायकोकडे पाहिलं, ती माझ्याबरोबर आली होती.

"येऊन राहिला काय आवाज?" तिनं विचारलं.

मी दचकलो. "तुझा आवाज असा आहे?"

"कसा?"

मला सांगता येईना. धारदार होता. त्याला कडा होत्या. माझ्या आठवणीतली बायको एखाद्या गोधडीतून बोलल्यासारखी बोलायची आणि मी तोच तिचा आवाज समजत होतो. घरी आल्यावर तर मी घाबरूनच गेलो. चपला एवढ्या वाजतात? पिशवीतून मीठ बरणीत ओतलं त्याचा आवाज. सही करताना पेन कागदावर खरखरतो तो आवाज. बायको म्हणाली, ती कित्येक दिवसांपासून स्वयंपाकघरातून मला हाक मारायचीच नाही, समोर येऊन बोलायची. "मले वाटे तुमचं लक्षच नसते माझ्याकडं," ती अगदी सहज म्हणाली, तक्रार म्हणूनही नाही. 

शिट्टी गेली नाही. यंत्रं घातलेली असली की ती मागं सरते, कधी कधी तासतासभर तिची आठवणही होत नाही. काढली की परत येते. ती जाणार नाही असं मला स्पष्ट सांगितलंय. आता मी तिला शोधत फिरत नाही, एवढाच फरक.

मुलगी आता दर रविवारी येते. बोलणं सुधारलंय, पण दोन वर्षं एकदम भरून येत नाहीत. मधेच एखादा विषय निघतो आणि ती थबकते, मी थबकतो, आपण नक्की काय ऐकलं हे दोघंही तपासून बघतो.

मी साहेबांच्या मागं लागून मिलमधल्या सगळ्यांच्या कानांची तपासणी करायला लावली. त्याच मॅडम मशीन घेऊन आल्या, ऑफिसच्या मागच्या खोलीत. फिटर आधी येतच नव्हता. मी त्याला हाताला धरून नेलं. तपासणी झाली आणि मॅडमनी त्याचा कागद माझ्यासमोर ठेवला. त्याच्या रेघा माझ्यापेक्षा कितीतरी खाली गेल्या होत्या. डाव्या कानाची तर कागदाच्या तळाशी टेकली होती.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तीन वर्षं माझ्या मागून फिरून मशीनं तपासणारा हा माणूस. त्यानं तेव्हाही काही ऐकलं नव्हतं. तळहात ठेवला होता, कारण त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"कान में कोई आवाज़ आती है?" मॅडमनी त्याला विचारलं.

"झींगुर बोलता है," तो म्हणाला. झींगुर म्हणजे रातकिडा. "दस साल से."

"दस साल?" मी ओरडलोच. "कभी बताया नहीं?"

त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

"इसमें बताना क्या है, भैया," तो म्हणाला. "मैं तो समझता था, सबके कान में बोलता है."